पुरावा कोणी द्यावा?
'शोधाच्या सिद्धांता'वरील रोमच्या निवेदनाचे परीक्षण

दिनांक ३० मार्च २०२३ रोजी परमपीठाच्या दोन विभागांनी, म्हणजे संस्कृती व शिक्षण विभाग आणि सर्वांगीण मानवी विकास विभाग यांनी, 'शोधाच्या सिद्धांता'विषयी एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. युरोपातील ख्रिस्ती राजाच्या माणसांनी एखादा प्रदेश प्रथम 'शोधून काढला' की त्या भूमीवरील वरिष्ठ हक्क त्या राजाकडे जातो आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या लोकांकडे केवळ वहिवाट उरते. तीही राजाने खरेदीने वा जिंकून संपुष्टात आणावी तोवरच, असा हा सिद्धांत आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथील प्रश्न म्हणून हे निवेदन बाजूस ठेवण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांस होणे स्वाभाविक आहे. आमच्या मते तसे करणे योग्य होणार नाही. ज्या आज्ञापत्रांचा या निवेदनात उल्लेख आहे त्यांच्याच आधाराने गोव्याचा धर्मप्रांत उभा राहिला. आणि ज्या विचाराचा या निवेदनाने त्याग केला तोच विचार वेगळ्या वेशात आपल्या वनकायद्यांत व न्यायनिर्णयांत वावरत आला आहे. म्हणून हे निवेदन आपल्याही घरचे समजून वाचणे आणि त्याची पारख करणे आवश्यक आहे.

१. निवेदनाचा आशय

जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस प्रायश्चित्ताच्या यात्रेसाठी कॅनडास गेले. आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवण्यात आले, त्या शाळांत ख्रिस्ती लोकांनी घेतलेल्या भागाबद्दल त्यांनी क्षमा मागितली. सेंट-अ‍ॅन-द-बोप्रे येथील मिस्साच्या वेळी आदिवासी प्रतिनिधींनी वेदीपुढे एक फलक उलगडला. 'सिद्धांत रद्द करा', असा त्यावरील मजकुराचा अर्थ होता. आठ महिन्यांनी आलेले निवेदन हे या मागणीचे उत्तर होय.

निवेदनाचे प्रतिपादन चार विधानांत सांगता येईल. पहिले, शोधाचा सिद्धांत हा काथलिक शिकवणुकीचा भाग नाही. दुसरे, 'दुम दिव्हेर्सास' (१४५२), 'रोमानुस पोंतिफेक्स' (१४५५) आणि 'इंतेर चेतेरा' (१४९३) ही पोपची आज्ञापत्रे विशिष्ट काळातील व राजकीय प्रश्नांशी निगडित असून ती कधीही श्रद्धेची अभिव्यक्ती मानली गेली नाहीत. तिसरे, असे असले तरी या पत्रांत मूळ रहिवाशांची समान प्रतिष्ठा व हक्क पुरेसे प्रतिबिंबित झाले नाहीत. वसाहतवादी सत्तांनी त्यांतील मजकूर आपल्या राजकीय हेतूंसाठी वाकविला आणि धर्माधिकाऱ्यांनी काही वेळा त्यास विरोध केला नाही. याबद्दल क्षमा मागणे न्याय्य आहे. चौथे, मूळ रहिवाशांचे अंगभूत मानवी हक्क नाकारणाऱ्या सर्व कल्पनांचा, त्यांत या सिद्धांताचाही, ख्रिस्तसभा त्याग करते. आधारादाखल तिसऱ्या पौल पोपचे 'सुब्लिमिस देउस' (१५३७) हे आज्ञापत्र आणि आदिवासी लोकांच्या हक्कांविषयीची संयुक्त राष्ट्रसंघाची घोषणा यांचा निर्देश केलेला आहे.

२. निवेदनातील बळ

या निवेदनाचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परमपीठाच्या कागदात तीन आज्ञापत्रांची नावे घेऊन त्यांत उणीव होती असे म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. धर्माधिकाऱ्यांच्या मौनाचा उल्लेखही त्यात आहे. आणि 'त्याग' हा शब्द स्पष्ट आहे. खेद, दुःख अशा मवाळ शब्दांच्या आड तो लपविलेला नाही.

इतिहासाच्या दृष्टीनेही निवेदनाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. या सिद्धांताचे कायद्यातील सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १८२३ सालचा 'जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश' हा निकाल. तो देताना सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी पोपच्या पत्रांवर भिस्त ठेवली नाही; इंग्लंडच्या राजाने १४९६ साली कॅबट या दर्यावर्द्यास दिलेल्या सनदेचा दाखला त्यांनी घेतला. तेव्हा रोमच्या आज्ञापत्रांपासून वॉशिंग्टनच्या न्यायासनापर्यंत सरळ रेघ ओढणे इतिहासाला धरून होणार नाही. 'काही अभ्यासकांच्या मते' अशी सावध शब्दयोजना निवेदनाने केली आहे, ती या अर्थाने समर्थनीय आहे.

३. तीन उणिवा

तथापि निवेदनाच्या युक्तिवादात तीन ठिकाणी आम्हांस अडखळावे लागते.

पहिले ठिकाण म्हणजे मजकूर वाकविला गेल्याचे विधान. कोणताही मजकूर वाकविता येतो, हे खरे. परंतु 'रोमानुस पोंतिफेक्स' या पत्रात पाचव्या निकोलस पोपने पोर्तुगालच्या राजास सारासेन व इतर अख्रिस्ती लोकांवर स्वारी करण्याची, त्यांस जिंकण्याची, त्यांस कायमच्या दास्यात टाकण्याची आणि त्यांचे प्रदेश व मालमत्ता आपल्याकडे घेण्याची मुभा दिलेली आहे. हे सर्व पत्राच्या शब्दांतच आहे. राजांना मजकूर वाकवावा लागला नाही. तो आहे तसाच वापरता आला. दोष वापरणाऱ्याचा आणि लेखन मात्र केवळ अपुरे, अशी विभागणी येथे टिकत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे ही पत्रे श्रद्धेची अभिव्यक्ती नव्हती, हे विधान. श्रद्धेच्या अर्थाने ते बरोबर आहे. पण ख्रिस्तसभेचा व्यवहार केवळ श्रद्धासूत्रांवर चालत नाही. तो अधिकारपत्रांवरही चालतो. पूर्वेकडे 'पाद्रोआदो' या नावाने ओळखली जाणारी सर्व व्यवस्था, म्हणजे बिशपांची नावे सुचविण्याचा पोर्तुगीज राजाचा हक्क आणि चर्चेसचा खर्च चालविण्याचे त्याचे कर्तव्य, ही याच पत्रापासून सुरू झालेल्या आज्ञापत्रांच्या मालिकेवर उभी होती. त्या व्यवस्थेत १५३४ साली गोव्याचा धर्मप्रांत आकारास आला. जमिनीच्या बाबतीत त्याचा अर्थ काय झाला हे गोव्याच्या धर्मगुरूंस सांगावयास नको. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून तेथे गावकरी ही सामाईक जमिनीची व्यवस्था नांदत होती. अफोन्सो मेशिया याच्या १५२६ च्या फोरालाने तिचे रिवाज लिहून घेतले, म्हणजे एका परीने मान्यही केले. पण १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली आणि १५४१ साली त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्यास देण्याविषयी गावकरांची संमती घेण्यात आली. ती संमती कोणत्या परिस्थितीत दिली गेली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. हा श्रद्धेचा सिद्धांत नव्हता. पण त्यावर वेदी उभ्या राहिल्या. म्हणून 'शिकवणुकीचा भाग नाही' एवढ्या उत्तराने प्रश्न मिटत नाही.

तिसरे ठिकाण म्हणजे 'सुब्लिमिस देउस'चा दाखला. नव्या जगातील लोक ख्रिस्ती नसले तरी त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता त्यांच्यापासून हिरावून घेता येणार नाही, असे या पत्राने निःसंदिग्धपणे सांगितले. हे आपल्या परंपरेतील तेजस्वी पान आहे. परंतु त्याच्या पुढील पान निवेदनात उलटलेले नाही. या शिकवणुकीची अंमलबजावणी व्हावी म्हणून १५३७ सालीच 'पास्तोराले ओफिचियुम' या दुसऱ्या पत्राने, मूळ रहिवाशांस गुलाम करणाऱ्यांवर बहिष्काराची शिक्षा ठेवली होती. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या आग्रहावरून १५३८ साली ती शिक्षा मागे घेण्यात आली. शिकवण राहिली, तिचा दंड गेला. आमच्या मते या प्रश्नाची सारी शोकांतिका या एका वर्षात सामावलेली आहे. तत्त्व उच्चारणे आणि त्या तत्त्वाला व्यवहारात धार देणे यांतील अंतर तेव्हा होते, आणि प्रस्तुत निवेदनातही ते राहिलेले आहे.

४. सिद्धांताचे खरे स्वरूप

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. निवेदनाने शोधाच्या सिद्धांतास एक कल्पना मानले आहे, म्हणजे एका संस्कृतीस दुसरीहून श्रेष्ठ समजणारी कल्पना. ती तशी आहेच. पण कल्पना त्यागल्याने नाहीशी होते. कायदा तसा नाहीसा होत नाही. कायद्यात या सिद्धांताने जे रूप घेतले ते श्रेष्ठत्वाच्या घोषणेचे नव्हे, तर पुराव्याच्या नियमाचे. जो नंतर आला त्याचा हक्क गृहीत धरावा आणि जो आधीपासून होता त्याने आपला हक्क सिद्ध करावा, हा तो नियम. ज्याच्याकडे दप्तर त्याने काही सिद्ध करावयाचे नाही. ज्याच्याकडे केवळ स्मृती त्याने सर्व काही सिद्ध करावयाचे.

हिंदुस्थानात इंग्रजांनी 'शोधा'चा दावा केला नाही. येथे राज्ये होती आणि ती जिंकून वा तहाने घेतली गेली. तरीही नियम तोच आला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी १८६० साली पंचमहालचा प्रदेश इंग्रजांच्या स्वाधीन केला. तेथील मोठ्या जमीनधारकांनी आपला जुना मालकीहक्क सांगितला, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने १९२४ साली 'वजेसिंगजी जोरावरसिंगजी' खटल्यात असा निर्णय दिला की, पूर्वीच्या राजवटीतील हक्क नव्या सत्तेच्या न्यायालयात आपोआप चालत नाहीत. नव्या सत्तेने जेवढे मान्य केले तेवढेच चालतात. हे दावेदार भिल्ल वा नायकडा शेतकरी नव्हते. परंतु ज्या नियमाने तालेवारांचा दावा निरस्त होतो, त्या नियमापुढे डोंगरातील कुळाचा काय पाड लागणार? त्याच परिसरातील संतरामपूर संस्थानच्या राजाने विलीनीकरणापूर्वी १९४८ साली दिलेल्या जंगलहक्कांचा प्रश्न पुढे स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि १९६४ साली 'वोरा फिद्दाली' खटल्यात बहुमताने हाच जुना नियम पुन्हा उचलून धरण्यात आला. राज्य बदलले, राज्यघटना आली, पण भार जेथे होता तेथेच राहिला.

वनकायद्यात तर हा नियम कलमांच्या रूपाने बसविलेला आहे. १८७८ च्या कायद्यापूर्वी सरकारी वर्तुळात मोठा वाद झाला होता. रानावर सरकारची संपूर्ण मालकी असून लोकांची वहिवाट ही केवळ सवलत आहे, अशी बाजू बेडन-पॉवेल यांनी मांडली, आणि कायद्याचे वळण मोठ्या प्रमाणात तेच राहिले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात राखीव वन करण्यापूर्वी दावे मागविण्याची तरतूद आहे. त्यासाठी तीन महिन्यांहून कमी नसलेली मुदत द्यावयाची, आणि त्या मुदतीत जो हक्क सांगितला गेला नाही तो, उशिराचे कारण पटले नाही तर, संपुष्टात आला असे समजावयाचे. ज्या गावात वर्तमानपत्र पोचत नाही, ज्या बोलीत सरकारी भाषेचा एक शब्द नाही, तेथे तीन महिने उलटले की पिढ्यांची वहिवाट मावळते. कोणी कोणाचे काही हिसकावले असे कोठेही लिहिलेले नसते. फक्त दावा आला नाही, एवढीच नोंद असते.

हा नियम उलटविता येतो, याचीही उदाहरणे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९९२ साली एडी माबो व मरी बेटांवरील मेरियम लोक यांच्या खटल्यात, राजसत्ता आली म्हणून मूळ रहिवाशांचा भूमिहक्क आपोआप नष्ट होत नाही, असे ठरविले. परंतु हक्क मान्य करणे आणि भार हलविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मरी नदीकाठच्या योर्ता योर्ता लोकांचा दावा २००२ साली त्याच न्यायालयात अखेर फेटाळला गेला. परंपरेशी अखंड संबंध त्यांस सिद्ध करता आला नाही, असे कारण देण्यात आले. मूळ चौकशीत वृद्धांच्या तोंडी साक्षींपेक्षा एका गोऱ्या मेंढपाळ जमीनदाराच्या जुन्या पुस्तकास अधिक वजन मिळाले. त्यांच्या पूर्वजांनी १८८१ साली मालोगा येथील ख्रिस्ती मिशनच्या वस्तीतून गव्हर्नरकडे जमिनीसाठी केलेला अर्जही, त्यांची परंपरा तेव्हाच तुटली होती याचा पुरावा म्हणून त्यांच्याविरुद्ध गेला. जमीन मागितली हाच जमीन गमावल्याचा पुरावा ठरावा, आणि मिशनचे छप्परच त्यांच्या विरोधात साक्षीस उभे राहावे, याचा विचार आम्ही धर्मसेवकांनी गांभीर्याने केला पाहिजे.

याउलट हैदराबादच्या आसपासच्या वाचकांस परिचित असलेला एक कायदा आहे. आंध्र प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रांतील जमीन हस्तांतराचा १९५९ चा विनियम १९६३ साली तेलंगणाच्या भागास लागू झाला आणि १९७० साली त्यात सुधारणा झाली. त्यानुसार अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासीच्या ताब्यात असलेली स्थावर मालमत्ता, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, आदिवासीकडूनच आली असे गृहीत धरले जाते. म्हणजे पुरावा द्यावयाचा तो नंतर आलेल्याने. हा विनियम सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली वैध ठरविला. त्याच्या अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या हे खरे. तरी शोधाच्या सिद्धांताचा त्याग कायद्याच्या भाषेत कसा लिहावा याचा तो नमुना आहे. रोमच्या निवेदनाहून अधिक नेमका त्याग या एका वाक्यात आहे, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

५. वनहक्क कायद्याची कसोटी

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांचे वनहक्क मान्य करणारा २००६ चा कायदा याच कसोटीवर पाहावा. त्याच्या प्रस्ताविकेत, वननिवासी लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला, असा स्पष्ट कबुलीजबाब आहे. हक्क 'देणे' असा शब्द न वापरता हक्क 'मान्य करणे' असा शब्द वापरला आहे. दाव्याची सुरुवात ग्रामसभेने करावयाची आहे. पती-पत्नी दोघांच्या नावे हक्क नोंदवावयाचा असून तो वारशाने जातो, परंतु विकता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून, ग्रामसभा रानाचा कारभार पाहू शकते हे दाखवून दिले.

तरीही भार पुन्हा मागच्या दाराने आत आला आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावयाचा. जो अनुसूचित जमातीचा नाही त्याने त्यापूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावयाचे. नियम उदार आहेत. वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, वंशावळ, बांधबंदिस्ती, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने हे सर्व पुरावे ग्राह्य आहेत, आणि एखाद्या विशिष्ट कागदाचाच आग्रह धरू नये असे २०१२ च्या सुधारणेत सांगितले आहे. परंतु कचेरीतील सवय नियमाहून जुनी असते. दंडाची पावती आहे काय, उपग्रहाच्या छायाचित्रात शेत दिसते काय, असे विचारले जाते आणि म्हाताऱ्याचा जबाब बाजूस पडतो. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांस रानातून हटविण्याविषयी आदेश दिला. २८ फेब्रुवारीस तो स्थगित झाला. त्या पंधरा दिवसांत फेटाळलेला दावा आणि खोटा दावा यांत फरक आहे काय, हा प्रश्न देशापुढे आला. आमच्या मते हाच या विषयाचा गाभा आहे. सिद्ध न झालेला हक्क म्हणजे नसलेला हक्क नव्हे.

आपल्या सीमाभागातील एक उदाहरण येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. उत्तर कन्नड, बेळगाव व धारवाड जिल्ह्यांच्या रानांत सिद्दी लोक राहतात. त्यांत काथलिकही पुष्कळ आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले. त्यांपैकी अनेक जण गोव्यातील पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटून या रानांत आले. उत्तर कन्नडमधील सिद्दींस २००३ साली आणि बेळगाव व धारवाडमधील सिद्दींस २०२० साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. ज्या आज्ञापत्रांनी कायमच्या दास्यास परवानगी दिली, त्या दास्यातून पळालेल्यांची लेकरे आज आपल्या चर्चमध्ये गुडघे टेकतात आणि कचेरीत रानातील वहिवाटीचा पुरावा देतात. पंधराव्या शतकातील पत्रे ही केवळ त्या काळाची बाब होती असे त्यांच्यासमोर कोणी म्हणू शकेल काय?

६. अहाबाचा पश्चात्ताप आणि जक्कयाचा

पवित्र शास्त्रात जमीन हडपण्याची सर्वांत ठळक कथा नाबोथाच्या द्राक्षमळ्याची आहे (१ राजे, अध्याय २१). ही कथा आपण लोभाची म्हणून सांगतो. परंतु ती मुळात कायद्याची कथा आहे. ईजबेल तलवार पाठवीत नाही. ती राजाच्या नावाने व राजाच्या मोहरेने पत्रे पाठविते. उपवास जाहीर होतो, वडीलमंडळी बसते, नियमाप्रमाणे दोन साक्षीदार उभे राहतात. प्रत्येक पायरी विधिपूर्वक पार पडते, आणि शेवटी मळा राजाचा होतो. नाबोथाकडे कागद नव्हता. वाडवडिलांचे वतन एवढेच त्याचे म्हणणे होते. एलिया संदेष्टाही कागद मागत नाही. मळ्यातच राजास गाठून तो त्यास खुनाचा आणि ताब्याचा जाब विचारतो. पुराव्याचा भार तो एका क्षणात आधीच्याकडून नंतरच्याकडे हलवितो.

पण कथेचा शेवट अधिक विचार करावयास लावणारा आहे. अहाब पश्चात्ताप करतो, गोणपाट नेसतो, उपास करतो, आणि देव त्याची शिक्षा लांबणीवर टाकतो. त्याचा पश्चात्ताप खोटा होता असे शास्त्र म्हणत नाही. मात्र मळा नाबोथाच्या घराण्यास परत मिळाला असेही कोठे म्हटलेले नाही. आणि म्हणून पुढच्या पिढीत त्याच शेतात तो हिशेब पुन्हा उभा राहतो (२ राजे, अध्याय ९). याच्या शेजारी जक्कयास ठेवून पाहावे (लूक, अध्याय १९). तो रडल्याचे लूक सांगत नाही. तो चौपट परत करीन असे म्हणतो, आणि त्या घरी तारण येते.

आपल्या नीतिशास्त्रातही हेच आहे. परतफेड ही दया नसून न्याय आहे आणि तारणास ती आवश्यक आहे, असे संत थॉमस अक्विनास यांनी मांडले. लास कासास यांनी पापस्वीकार ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी जी नियमावली तयार केली (ती १५५२ साली छापली गेली), तीत विजेत्यांनी मिळविलेले धन अन्यायाचेच गृहीत धरून, परतफेडीची हमी घेतल्याविना त्यांस पापमुक्ती देऊ नये, असे सांगितले आहे. येथेही भार नंतर आलेल्यावर आहे. प्रस्तुत निवेदनात क्षमायाचना आहे, त्याग आहे, ऐकून घेण्याची तयारी आहे. परतफेड हा विषय नाही. तो अहाबाचा प्रामाणिक पश्चात्ताप आहे, जक्कयाचा नव्हे. हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

७. आपल्या हाती असलेले काम

आक्षेप घेऊन थांबणे सोपे आहे. रोमने न लिहिलेले वाक्य आपल्या धर्मप्रांतांत लिहिता येण्याजोगे आहे. येथे आपल्यापुढे चांगले उदाहरणही आहे. छोटा नागपूरमध्ये १८८५ साली आलेले फादर कॉन्स्टन्ट लिव्हन्स यांनी मुंडा व उरांव लोकांच्या जमिनीचे दावे समजून घेऊन न्यायालयात त्यांची पाठराखण केली. पुढे फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन यांनी मुंडांची खुंटकट्टी व्यवस्था अभ्यासिली, आणि १९०८ च्या छोटा नागपूर कुळकायद्याच्या घडणीत त्यांच्या ज्ञानाचा उपयोग झाला. त्याच प्रदेशात बिरसा मुंडा व त्याच्या अनुयायांनी मिशनरी आणि सरकारी साहेब यांची टोपी एकच, असेही म्हटले होते. हॉफमन यांचे कार्य आणि बिरसाचा आरोप, दोन्ही आपल्याच इतिहासातील आहेत. तोंडी स्मृतीस कायद्यात स्थान मिळवून देणे हे त्या आरोपाला खरे उत्तर होते.

आज ते काम तीन प्रकारे करता येईल. आपल्या धर्मग्रामांतील स्नानसंस्कार, विवाह व दफन यांच्या नोंदवह्यांत गावाचे नाव, आईबापांची नावे आणि तारीख असते. वंशावळ व वास्तव्य दाखविण्यास अशी नोंद उपयोगी पडू शकते. धर्मगुरूंनी त्या वह्या जपाव्यात, मागणाऱ्यास प्रमाणित उतारा विनाविलंब द्यावा. दुसरे, गावोगाव फिरणारे धर्मशिक्षक वृद्धांस ओळखतात. जुनी विहीर कोणी खणली, कोणते थडगे कोणाचे, कोणत्या देवराईपर्यंत शिवार होते, हे विचारून ग्रामसभेच्या जबाबात उतरवून घेण्यास त्यांनी साहाय्य करावे. हे साहाय्य केवळ आपल्या मंडळीपुरते नसावे. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. तेव्हा आपली मदतही धर्म पाहून होऊ नये. गोव्यात सांगे, केपे, काणकोण येथील गावडा, कुणबी व वेळीप, ज्यांस २००३ साली हा दर्जा मिळाला, ते काही ख्रिस्ती आहेत, काही हिंदू. रान मात्र एकच आहे.

तिसरे काम अवघड आहे. प्रत्येक धर्मप्रांताने व धर्मसंघाने आपल्या नावावरील जमिनीचे कागद एकदा नव्या दृष्टीने वाचावेत. ही जमीन आपणांस कोणी दिली, देणाऱ्याकडे ती कोठून आली, तेव्हा तेथे कोण कसत होते आणि त्यांचे पुढे काय झाले, एवढे चार प्रश्न विचारावेत. उत्तर प्रत्येक ठिकाणी लज्जास्पदच निघेल असे नाही. अनेक जमिनी रास्त किमतीने वा खुशीच्या दानाने आलेल्या असतील. परंतु ते दाखविण्याचा भार आपण स्वतःवर घ्यावा. आधीच्यांनी येऊन सिद्ध करावे म्हणून वाट पाहू नये. नीतिशास्त्र शिकविताना आपल्या गुरुकुलांत परतफेडीच्या प्रकरणाखाली २००६ चा वनहक्क कायदा व त्याचे नियम वाचून घ्यावेत, अशीही आमची सूचना आहे. पापस्वीकाराच्या आसनात बसणाऱ्यास हे ज्ञान हवे.

रोमचे निवेदन महत्त्वाचे आहे, परंतु ते अपुरे आहे. त्यातील त्याग खरा ठरावयाचा असेल, तर १५३८ साली जी धार काढून घेतली गेली ती स्थानिक मंडळींना परत आणावी लागेल. वृद्ध आदिवासी स्त्री ग्रामसभेपुढे उभी राहून आपल्या सासऱ्याने बांधलेला बांध दाखविते, तेव्हा तिच्या शेजारी आपल्या नोंदवहीचा उतारा घेऊन कोणी उभे राहील काय, यावरून त्या निवेदनाचे मोल ठरेल.